बेयाची लोकर

माझ्या तोंडाला लागू नये असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. मी हनिया. कैरवान शहरात, जुन्या तटाच्या आत, गालिचे विणणाऱ्यांच्या गल्लीत माझं घर आहे आणि माझ्या दारासमोर बेयाचं दार. लहानपणापासून आम्ही दोघी भांडतोय. अबोला धरतो, परत बोलतो, परत भांडतो. पण खरं सांगू? अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. आम्हा गल्लीतल्या बायकांना समुद्र दाखवला तो हिनं. नवऱ्यांच्या खिशाला चटका न लावता, दर उन्हाळ्यात, तीन दिवस.

आमच्या पुरुषांना समुद्र म्हटलं की पोटात दुखायचं. "समुद्र काय पळून चाललाय?" माझा नवरा विचारायचा. "पाणीच बघायचंय ना? मग विहिरीत वाकून बघ." आणि स्वतः दिवसभर चहाच्या दुकानात पत्ते कुटणार! पण लोकरीचं नाव काढलं की त्याच पुरुषांची तोंडं बंद. नवरीच्या गादीची लोकर समुद्रातच धुवायची, ही आमच्याकडची रीत. गोड्या पाण्यात धुतली तर संसार अळणी होतो म्हणतात. आता लेकीचा संसार अळणी व्हावा असं कुठल्या बापाला वाटेल? तेव्हा लोकर निघाली की पैसेही निघायचे.

बेयानं हे बरोबर हेरलं. पूर्वी नवरीच्या घरच्या चार बायका सकाळी जायच्या, घाईघाईनं लोकर आपटायच्या आणि अंधार पडायच्या आत परत. बेया म्हणाली, चारच का? गल्लीभर बायका का नाही? आणि ओली लोकर ट्रकमध्ये कोंबून आणली तर ती कुजणार नाही का? वाळेपर्यंत थांबायला नको? झालं. लोकर वाळायला तीन दिवस लागतात असं तिनं एकदा जाहीर करून टाकलं, आणि एकाही पुरुषाला त्यात खोट काढता आली नाही. समुद्रकाठच्या महदिया गावाच्या उन्हात ती दीड दिवसात खडखडीत वाळते, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकीनंही घरी सांगितलेलं नाही. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिची तयारी थंडी सरता सरताच सुरू व्हायची. हत्ताब नावाचा एक ट्रकवाला वाळक्या मिरच्यांची पोती घेऊन महदियाच्या बाजारात जायचा आणि येताना रिकामा यायचा. बेयानं त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"येताना रिकामा येतोस, त्याचं भाडं तुला कोण देतं?"

"कोण देणार, खाला? कुणी नाही."

"मग आम्ही देतो. येतानाचं अर्धं भाडं. आणि जाताना तुझ्या पोत्यांवर बसतो, फुकट."

"अहो, मिरच्यांचा भुगा होईल!"

"आम्ही काय हत्ती आहोत का रे?"

"सगळ्या नाहीत," हत्ताब म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. त्यावर मी त्याला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण सौदा ठरला. तेव्हापासून आम्ही दर वर्षी महदियापर्यंत शिंकत जातो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि वर गाणी. वाटेतल्या गावांतले लोक म्हणत असतील, ह्या बायका लग्नाला निघाल्यात की मयताला?

राहायची सोयही तिनंच लावली. महदियाला वसीला म्हणून एका कोळ्याची बायको आहे. तिच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर आणि अंजिराचं झाड. ह्या अंगणाच्या बदल्यात वसीलाला काय, तर डबाभर मकरूद, आमच्या कैरवानच्या खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, आणि बसायला एक मेंढीचं कातडं. वसीला तेवढ्यावर इतकी खूश की निघताना आमच्या गळ्यात पडून रडायची. पहिल्या दिवशीचं जेवण घरून. बसीसा, म्हणजे भाजलेल्या गव्हा-हरभऱ्याचं पीठ, ते तेलात कालवलं की पोट दुपारपर्यंत गप्प. पुढचे दोन दिवस मासे. पण बेया सकाळी बाजारात पाऊल ठेवू द्यायची नाही. "सकाळच्या भावानं मासा घेणारी बाई एक तर आळशी, नाही तर श्रीमंत," ती म्हणायची. दुपारी बाजार उठताना कोळी उरलेल्या तारल्या टोपलीसकट देऊन टाकतात. त्या आम्ही कोळशावर टाकायचो, वर लिंबू पिळायचो आणि बोटं चाटत बसायचो. हॉटेलात उतरणाऱ्यांना तसला मासा मिळत असेल तर माझं नाव बदला.

पहिल्या वर्षी फजिती झाली होती, तीही सांगितली पाहिजे. समुद्र म्हणजे वाळू, असं बेयाच्या डोक्यात. तिनं आम्हाला हॉटेलांच्या बाजूच्या लांबलचक पांढऱ्या किनाऱ्यावर नेलं. लोकर धुतली आणि मऊ वाळूवर छान पसरली. हॉटेलचा रखवालदार शिट्टी फुंकत आला, त्याला बेयानं असा झापला की तो शिट्टी खिशात घालून गेला. पण वाळूला कोण झापणार? त्या नवरीच्या गादीतून वर्षभर वाळू गळत होती. नवरा रोज सकाळी अंग झटकत उठायचा. तिची सासू आमच्या गल्लीत येऊन ओरडून गेली, "सून आणली मी का किनारा आणला?"

तेव्हापासून आमची जागा ठरली. गावाच्या टोकाला, जिथं पांढऱ्या कबरी उतरत उतरत पार पाण्यापर्यंत येतात, त्यांच्या खाली सपाट खडक आहेत. वर मेलेली माणसं, खाली आमच्या नवऱ्या मुली. कुणाला कुणाचा त्रास नाही. तिथला समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्यासारखीची वाचा बसली होती. माझी! एवढं पाणी, आणि ते कुणाचंच नाही, त्याला दार नाही, कुलूप नाही, कुणाला विचारायला नको. मी खडकावर बसून नुसती बघत राहिले. आज इतक्या वेळा जाऊन आले तरी कबरींचं वळण संपून ते निळं समोर आलं की माझ्या अंगावर काटा येतो.

रीत अशी. नवरीनं आपल्या लोकरीला हात लावायचा नाही. तिनं मेंदी लावून समुद्राकडे तोंड करून बसायचं. लोकर बाकीच्यांनी भिजवायची, लाकडी धोपाटण्यानं आपटायची, पिळायची, खडकावर घालायची. शेवटच्या दिवशी, निघायच्या आधी, दोघींनी नवरीला हात धरून पाण्यात न्यायचं आणि तिच्या अंगावरून सात लाटा जाऊ द्यायच्या. काठावरच्या बायका मोजतात. सातवी लाट गेली की जीभ वळवळवून आम्ही ललकारी घालतो, लांबलचक, कानठळ्या बसतील अशी. मग नवरी वळते आणि बाहेर येते. त्यानंतर बाकीच्या सगळ्या पाण्यात, कपड्यांसकट, म्हाताऱ्यासुद्धा.

आणि बेया? बेया काठावर. लोकर वाऱ्यानं उडेल म्हणून दगड ठेवत, कुणाच्या चपला कुठं ते बघत, डोकी मोजत. ती तळपायाच्या वर कधी भिजलीच नाही. ये म्हटलं तर म्हणायची, "मला खारं पाणी मानवत नाही. अंगाला खाज सुटते." आम्हालाही ते खरं वाटायचं. दिवस कलला की तिचा आवाज घुमायचा, "चला, बाहेर! जिला इथं राहायचं असेल तिनं खुशाल राहावं, ट्रक थांबणार नाही!" तो आवाज आला की आम्ही शाळकरी पोरींसारख्या मुकाट बाहेर. तिच्यामुळे ट्रक एकदाही थांबला नाही.

आता तिच्या लोकरीबद्दल.

आमच्याकडे मुलगी जन्मली की त्या वर्षाच्या बकरी ईदपासून आई लोकर साठवते. दर ईदच्या मेंढ्याची लोकर बांधून ठेवायची, मुलगी लग्नाची होईपर्यंत. बेयाच्या आईनंही ठेवली. तीन गोण्या भरल्या. बेयाचं लग्न ठरलं, रंगाऱ्यांच्या गल्लीतला मुलगा, शांत होता. लोकर धुवायला पुढच्या आठवड्यात निघायचं आणि आई अंगणात कोसळली. अर्धं अंग गेलं. बेयाचा भाऊ मोकदाद तेव्हा इतका लहान होता की त्याला जोड्याची दोरी बांधता येत नव्हती. आईचं करायचं, भावाचं करायचं, चूल बघायची, गालिचे विणायचे. त्या मुलानं वाट पाहिली, खोटं कशाला बोलू. मग तो थकला. आई गेली तेव्हा मोकदादला मिसरूड फुटलं होतं, आणि त्या मुलाला दोन लेकरं होती. बेया कुणाला दोष देताना मी ऐकली नाही. पुढं मोकदादचं लग्न झालं, भावजय आली, पोरं झाली, आणि बेया त्याच घरात वरच्या खोलीत, तीन गोण्यांच्या शेजारी.

दर वसंतात ती त्या गोण्या गच्चीवर सोडायची. लोकरीला ऊन दाखवायची, दवण्यासारख्या कडवट वासाचा रानपाला घालून होती तशी पुन्हा बांधायची, कसर लागू नये म्हणून. सगळी गल्ली बघायची. आमच्या गल्लीत कुणाच्या भाजीत मीठ जास्त झालं तेसुद्धा दुपारपर्यंत सगळीकडे होतं, पण त्या गोण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि तीच बाई प्रत्येक उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या पोरींची लोकर घेऊन समुद्रावर जायची.

मग ते वर्ष आलं. गल्लीत दोन लग्नं होती आणि आम्ही निवांत होतो. तर एक दिवस पहिल्या नवरीची आई माझ्या दारात येऊन म्हणाली, "आम्ही स्पंजाची गादी घेतली. हप्त्यावर. मुलगी म्हणते, लोकरीला वास येतो." दुसरीनं ते ऐकलं, तिनंही स्पंज घेतला. पुरुषांना काय, आनंदच. माझा नवरा पत्त्यांवरून उठून मुद्दाम घरी सांगायला आला, "लोकर नाही, तर समुद्र कशाला?" मी त्याला त्या रात्री नुसती भाकर वाढली.

दोन दिवस वाट बघितली की बेया काहीतरी शक्कल काढेल. ती दाराबाहेरच येईना. मग मी चिडले आणि थेट तिच्या गच्चीवर गेले. ती लोकर पसरून बसली होती, बोटांनी गाठी सोडवत.

"ह्या वर्षी नवरी नाही," मान वर न करता ती म्हणाली. "लोकर नाही. हत्ताबला नको म्हणून सांगितलं."

"लोकर नाही? मग हातात काय आहे तुझ्या, साखर?"

"ही मोकदादच्या पोरीसाठी आहे."

"ती मागायला आली होती?"

"मोकदाद म्हणतो."

"मोकदाद काय वाट्टेल ते म्हणेल!"

"हनिया, जीभ आवर."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा स्वभाव. मी म्हणाले, "तुझ्या आईनं ही कुणाच्या नावानं बांधली ते मला माहीत नाही असं वाटतं तुला? मी ह्याच अंगणात खेळत होते. प्रत्येक ईदला गाठ मारताना ती म्हणायची, माझ्या बेयासाठी. किती वर्षं तिला नुसतं ऊन दाखवणार आहेस? धुऊन घे की बये एकदा!"

बेयानं हातानं जिना दाखवला. मी उतरले. धाडकन दार लावलं ते मी लावलं की तिनं, ते आता आठवत नाही.

त्या शुक्रवारी आम्ही सगळ्या माझ्या अंगणात लसूण सोलत बसलो होतो. बेया आली. बसली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. "हत्ताब बुधवारी निघतोय," ती म्हणाली. "तीन गोण्या लोकर आहे. जिला यायचं तिनं आपलं भांडं आणि पांघरूण तयार ठेवावं."

आमच्यात शादलिया आजी सगळ्यात मोठी. गाणी तिची, रीतभात तिची. ती म्हणाली, "बेया, पोरी, बिननावाची लोकर समुद्र घेत नाही. ललकारी घालायची ती कुणाच्या नावानं घालू? नवरी कोण?"

बेयाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं ओढणी नीट केली, मग सोडली.

"मी," ती म्हणाली.

कुणाची तरी नवी सून फिसकन हसली. शादलिया आजीनं लसणाचा अख्खा गड्डा तिच्या डोक्यात मारला.

संध्याकाळी समोरच्या घरातून मोकदादचा आवाज. माझी खिडकी उघडीच होती, ती नेहमीच असते.

"ताई, लोक तोंडात शेण घालतील! ह्या वयात नवरी? केस पांढरे झाले तुझे!"

"लोकर पिवळी झाली, केस पांढरे झाले. दोन्ही धुऊन आणते."

"चेष्टा करू नकोस! आणि नवरदेव कुठाय, नवरदेव?"

"मोकदाद, इतक्या वर्षांत लोकर धुवायला एक तरी नवरदेव आलेला बघितलास? त्याचं तिथं काही कामच नसतं."

मला हसू आवरेना. तो खिडकीत आला. "हनिया खाला, खिडकी लावा!"

"तू दार लाव!" मी म्हणाले.

मग बेयाचा आवाज आला, अगदी हळू, तरी मला ऐकू आलाच. "तुझ्या पोरीला मी गादीवाचून ठेवणार नाही रे. तिच्यासाठी मी नवी लोकर जमवेन, नाही तर स्पंज आणू हप्त्यावर. पण ही आईनं माझ्यासाठी बांधली. मला ती एकदा, फक्त एकदा, धुतलेली बघायचीय." मी खिडकी लावून घेतली. मीसुद्धा कधी कधी लावते.

बुधवारी पहाटे ट्रक आला. बायका आपापली बोचकी घेऊन उभ्या, दारांत पुरुष. कोण पहिला हसतो म्हणून मी कंबर कसून तयार होते. तेवढ्यात मोकदाद खाली आला, खांद्यावर गोणी. हत्ताब हात लावायला गेला तर त्याला बाजूला सारलं. तिन्ही गोण्या त्यानं एकट्यानं चढवल्या. मग घरात जाऊन आपल्या अंगावरची घोंगडी आणली, चार पदरी घडी घातली आणि मिरच्यांच्या पोत्यावर ठेवली. "बस ताई," तो म्हणाला. "टोचेल नाही तर." माझा नवरा, तो विहिरीत वाकून बघ म्हणणारा, एक मोठं कलिंगड घेऊन आला आणि माझ्या हातात देऊन गेला. कुणी हसलं नाही.

वसीलाच्या अंगणात शादलिया आजीनं बेयाच्या हातांना मेंदी लावली. विणून विणून त्या बोटांची कातडी इतकी जाड झाली होती की रंग चढेल का अशी आजीला शंका होती. सकाळी फडकी सोडली तर हात लालभडक.

खडकावर आम्ही तिला घोंगडीवर बसवलं, तोंड समुद्राकडे. बसवलं म्हणजे काय, दाबून धरलं. सवयच नाही ना बसायची! "अगं जोरानं आपट, ती काय झोपलीय का?" ती मागं वळून ओरडायची. "तिथं नको, तिथं शेवाळ आहे! हनिया, पदर भिजला तुझा!"

"नवरी बोलत नसते!" शादलिया आजी खेकसली.

"मग नवरी काय करत असते?"

"समुद्र बघते. तोंड तिकडे कर!"

आम्ही गोण्या सोडल्या. आत प्रत्येक ईदची लोकर वेगळी बांधलेली. सुतळीनं नव्हे. तिच्या आईनं आपल्या डोईच्या रुमालाच्या चिंध्या काढून त्यांनी बांधली होती. पिवळा रुमाल, निळ्या ठिपक्यांचा, लाल काठाचा. जो रुमाल विरायचा, त्याची त्या वर्षी चिंधी व्हायची. तिसऱ्या गोणीच्या तळाशी सगळ्यात लहान गाठोडं, बेया जन्मली त्या वर्षाचं, हिरव्या चिंधीचं. मी एकेक चिंधी सोडून बेयाच्या हातात देत गेले. रीतीनं लोकरीला हात लावायचा नव्हता, चिंध्यांना लावायला बंदी नव्हती. तिनं त्या सगळ्या मांडीवर ठेवल्या आणि मग मात्र तिनं खरंच तोंड समुद्राकडे केलं.

लोकर वर्षानुवर्षांच्या चिकटानं तपकिरी झाली होती. पहिल्या पाण्यात ती चिखलासारखी दिसत होती, मला वाटलं, गेली. आमच्यातली एक पुटपुटली, कसर आत शिरली असणार. आम्ही आपटत राहिलो. दुसरं पाणी, तिसरं पाणी. खडकाच्या खाचेतून गढूळ पाणी वाहून जायचं आणि समुद्र नवं भरायचा. मग मी एक पुंजका पिळून वर धरला आणि माझा हात तसाच राहिला. पांढरी! अशी पांढरी लोकर मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि मी लोकरीतच जन्मले, लोकरीतच वाढले. एक तार तुटलेली नाही. ज्या बाईनं ती बांधली ती केव्हाच मातीत गेली, जिनं सांभाळली ती म्हातारी झाली, आणि लोकर कालच्या मेंढीची असावी तशी.

दुपारपर्यंत कबरींच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत सगळे खडक पांढरे झाले. वसीलाचा नवरा होडी घेऊन चालला होता, त्यानं वल्ही थांबवली. शादलिया आजी "सुब्हानल्ला" म्हणाली आणि खाली बसली. बेया वळली. तिनं त्या पांढऱ्या खडकांवरून नजर फिरवली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाली, "आई गं." बस, एवढंच.

त्या लोकरीची पुढं गादी झाली. दुहेरी, नवरीची असते तेवढी रुंद. अख्ख्या गादीवर ती एकटी झोपते, आडवी, तिरकी, हवी तशी. मोकदादची पोर कधी कधी शेजारी घुसते आणि म्हणते, आत्या, मला स्पंज नको. पण ते नंतरचं.

तिसऱ्या दिवशी लोकर भरून झाली, गोण्या वर रस्त्यावर गेल्या, दिवस कलला. हत्ताबनं ट्रक वळवून ठेवला. शादलिया आजी उठली. "चल नवरी."

"मला खारं पाणी मानवत नाही," बेया म्हणाली.

"कधी शिरलीस त्यात, की तुला कळलं?" मी विचारलं.

मी एक हात धरला, वसीलानं दुसरा. हॉटेलच्या रखवालदाराला झापणारी ती बाई, पण माझी बोटं तिनं दुखेपर्यंत आवळली. खडकाची पायरी उतरलो, पाणी पोटरीला लागलं, गुडघ्याला, मग कमरेला. ती एकदम श्वास आत घेऊन थांबली.

"थंड आहे?" मी विचारलं.

"मोठा आहे," ती म्हणाली.

काठावरून बायकांनी मोजायला सुरुवात केली. एक! तिनं डोळे मिटले. दोन! ओढणी सुटून वाहत गेली, ती पकडायला मी वळले तर ती म्हणाली, "जाऊ दे." तीन, चार, पाच. तिनं आमचे हात सोडले. सहा. सातवी लाट खांद्यांवरून, पांढऱ्या केसांवरून गेली आणि काठावर ललकारी उठली, अशी की कबरींवरची पाखरं उडाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या दिवशी ट्रकमध्ये मिरच्या नव्हत्या.

आता नवरीनं वळायचं. बेया वळली नाही. मेंदीचे हात पाण्यावर पसरून तशीच उभी, तोंड पुढं, जिथं काही संपत नाही तिकडे. वरून हत्ताबनं भोंगा वाजवला. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. बाहेर बोलावायचं काम बेयाचं होतं. ते दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं.

पुढची लाट आली आणि शादलिया आजी काठावरून मोठ्यानं म्हणाली, "आठ!"

"आजी, आठवी नसते," कुणीतरी म्हणालं.

"मला शिकवू नकोस. मोजा गं सगळ्या!"

नऊ! दहा! हत्ताब भांडायच्या तयारीनं तरातरा पायऱ्या उतरून खाली आला. त्यानं पाण्यात बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि एका खडकावर बसला. "रिकामाच तर जायचंय," तो स्वतःशीच बोलला. "कसली घाई." आम्ही मोजत होतो. आवाज बसला तरी मोजत होतो. शादलिया आजीला शंभराच्या पुढं मोजता येत नाही. शंभर झाले, तशी ती क्षणभर थांबली, बेयाकडे बघितलं, आणि परत एकपासून सुरुवात केली.